ठिकाण सहाच्या बाटल्या

४ फेब्रुवारी

ती. मामांना नमस्कार.

सोबत चोवीस बाटल्या आहेत. ठिकाण एक ते चार, प्रत्येकी सहा. झाकणांना मेण लावलंय, तरी खोका उभाच ठेवा. गेल्या खेपेला स्पिरिट सांडून दोन चिठ्ठ्या पुसल्या गेल्या होत्या.

परवा सकाळी साडेसहाला लाँच निघाली. पाण्यावर तेलाचा तवंग होता. गाळ उचलायचा लोखंडी पंजा तीनदा तळाला सोडला, तिन्ही वेळा रिकामा वर आला. चौथ्यांदा त्याच्या दातांत सायकलची घंटा अडकून आली. लाँचवाल्याने वाजवून पाहिली, तर वाजली. सगळे हसले, मीही हसले असावे. पाचव्या खेपेला गाळ आला, काळाकुट्ट, सडक्या अंड्यांच्या वासाचा. चाळणीवर धूत बसलो. बादलीभर गाळातून शेवटी चमचाभर उरतं, त्यात तुमचे किडे. ते नेहमीसारखे गुलाबी रंगवून ओळखायला पाठवतेय.

एक बातमी आहे. ठिकाण सहा म्हणजे मोठ्या नाल्याच्या तोंडासमोरचं. तिथले शिंपले खाऊन लोक आजारी पडायला लागले म्हणून आठ वर्षांपूर्वी बंदी घातली होती, ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही नोव्हेंबरात पाठवलेल्या दोन याद्यांमुळे चित्र बदललंय. अकरा जाती, त्यातल्या सात स्वच्छ वाळूत राहणाऱ्या. आमच्या खात्याच्या प्रमुख बाईंनी अहवालाच्या मसुद्यात "तळ सावरला आहे" असं लिहिलं. पंधरा एप्रिलपासून बंदी उठेल. शिंपले काढणाऱ्या बायकांना मी धक्क्यावर जाऊन सांगून आले. त्यांची मुकादमीण आठ वर्षं दुसऱ्यांची मासळी साफ करत होती. ती मिठी मारायला पुढे आली. माझे हातमोजे बरबटलेले होते, मी मागे सरले.

आई गेल्याला शुक्रवारी बारा आठवडे होतील. घर आहे तसंच आहे. तिच्या खोलीचं दार वाऱ्याने आपटतं, म्हणून कामावर जाताना मी ते लोटून घेते. तुमच्या शेजारच्या शिंप्याकडे मी फोनवर निरोप दिला होता. तो तुम्हाला पोचला, एवढं मला माहीत आहे. तुम्ही का आला नाहीत ते मी विचारत नाही.

मामींना नमस्कार.

तुमची गोगल


१३ फेब्रुवारी

चि. गोगल, आशीर्वाद.

अक्षर मामीचं, मजकूर माझा. हल्ली हात थरथरतो. लेखनिक बरा आहे, पण सांगितलेलं निम्मंच लिहितो आणि वर विचारतो, "हे लिहायलाच हवं का?"

बाटल्या पोचल्या, सगळ्या उभ्या, शिस्तीत. पहिल्या बारा बघून झाल्या, यादी मागे जोडली आहे. ठिकाण दोनमध्ये तांबड्या धाग्यांसारखे किडे उदंड आहेत. नऊ नंबरच्या बाटलीत एकशे सत्तर. बंदराचे खरे मालक तेच. जिथे कुणाचा श्वास चालत नाही, तिथे यांचा संसार सुखाने चालतो. अकराव्या बाटलीत दोन लांब मिश्यांचा एक गृहस्थ आहे. एकच मिशी शाबूत आहे, पण ऐट दोन्ही मिश्यांची.

ठिकाण सहाबद्दल सांगतो. घाई करू नका. नोव्हेंबरचा गाळ काही खरा नसतो. एक हंगाम जाऊ दे, पुन्हा काढा, मग काय ते छापा. तुमच्या बाईंना म्हणावं, म्हातारा चिवट आहे, ऐकून घ्या.

तुझं पत्र म्हणजे गोगलगाय नि पोटात पाय. हे नाव तुझ्या आईने तुला उगाच नव्हतं दिलं. विचारत नाही म्हणतेस आणि तेच विचारतेस. त्याचं उत्तर भेटल्यावर देईन. कधी भेटू ते ठाऊक नाही.

जेवत जा.

तुझा मामा

(ताजा कलम. हे मी माझ्या मनाचं लिहितेय. मामांवर राग धरू नकोस. आणखी लिहिलं असतं, पण ते विचारतायत की पेन अजून का चालू आहे. – मामी)


३ मार्च

ती. मामा,

एक हंगाम थांबा म्हणालात, ते मी बाईंना सांगितलं नाही. वाटलं, वयामुळे सावध झालात. अहवाल छापायला गेला.

आता वेगळंच झालंय. आमच्या प्रत्येक मोहिमेतल्या काही बाटल्या फेरतपासणीला दुसऱ्या प्रयोगशाळेत जातात. या वर्षी चाळीस गेल्या होत्या. काल निकाल आला. तेवीस बाटल्यांत एकच चूक आहे, ती कुणाचीही होईल अशी. उरलेल्या सतराच्या सतरा चुकलेल्या आहेत. थोड्याथोडक्या नाहीत, साफ चुकलेल्या. तिथल्या तपासनिसाने शेरा मारलाय: "यादीतील प्राणी या बाटल्यांत नाहीत, असणे शक्यही नाही. बाटली ३१ मध्ये प्राणी नसून दोरीचा धागा आहे."

मी रजिस्टर काढून बसले. त्या सतरा बाटल्या नोव्हेंबरच्या दोन खोक्यांमधल्या आहेत, सगळ्या ठिकाण सहाच्या. त्या दोन्ही याद्या टाइप केलेल्या होत्या. त्याआधीच्या आणि नंतरच्या सगळ्या मामींच्या अक्षरात आहेत. एका यादीवर तारीख एकोणीस नोव्हेंबर, दुसरीवर सत्तावीस.

आई चौदाला गेली.

यात माझाही दोष आहे. याद्या आल्या तेव्हा मी कामावर परतून थोडेच दिवस झाले होते. स्वच्छ वाळूतले सात प्राणी बंदराच्या गाळात सापडले, हे वाचून मी खुर्चीतून उठायला हवं होतं. मी रकाने भरले, पान उलटलं, चहा प्यायले. मला काही वाटलंच नाही. हल्ली मला बहुतेक गोष्टींचं काही वाटत नाही, पण ते कामात चालत नाही.

तुम्ही त्या आठवड्यांत आमच्याकडे आला नाहीत. मी धरून चालले होते की तुम्ही तुमच्या भिंगापाशी असाल. म्हणजे काम तरी करत असाल. मग तेही नाही, तर काय करत होतात?

वीस तारखेच्या आत उत्तर द्या. छापखाना त्यानंतर थांबणार नाही.

गोगल


९ मार्च

बाळ,

हे पत्र मी शिंप्याच्या दुकानात बसून लिहितेय. मामांना सांगितलंय की परकर शिवायला टाकायचाय. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, चुकलंमाकलं तर समजून घे.

मामांचा हात थरथरत नाही. त्यांना दिसत नाही. दोन वर्षं होऊन गेली. डोळ्यांच्या मधोमध डाग आहे, कडेकडेचं तेवढं दिसतं. माणूस आलेला कळतो, कोण आलाय ते कळत नाही. डॉक्टर म्हणाले, आता हे असंच राहायचं. मामा म्हणाले, कुणाला सांगायचं नाही. मी म्हटलं, अहो, पण बाटल्या? तर म्हणाले, "तुला डोळे आहेत ना?"

तेव्हापासून बघते मी आणि ओळखतात ते. मी भिंगाला डोळा लावते आणि सांगत जाते. "डोक्यावर दोन मिश्या." ते विचारतात, "कल्ले कितव्या वळ्यापासून?" मी म्हणते, "दुसऱ्या." "नीट बघ." "मग तुम्ही बघा." थोड्या वेळाने ते हळूच म्हणतात, "बरं, केस कसे आहेत सांग, साधे की आकडेवाले?" असं करत करत दोन वर्षं निघाली. त्या तेवीसमधली जी एक चुकली, ती माझीच असणार. बहुतेक अठरा नंबर. मला तेव्हाच शंका होती.

आता नोव्हेंबरचं. सहा तारखेला मी जिन्यावरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. सव्वीस दिवस इस्पितळात होते. तुझी आई तिकडे शेवटच्या दुखण्यात, तुझ्या डोक्याला आणखी घोर नको म्हणून तुला कळवलं नाही. शिंप्यालाही मी बजावून ठेवलं होतं. मामा घरी एकटे. शिंप्याच्या घरून डबा यायचा.

तू फोन केलास त्या दिवशी मामा निघाले होते, बाळ. पिशवी भरून आठच्या सुमाराला बसस्टँडवर गेले. पाट्या वाचता येत नव्हत्या. कुणाला तरी विचारलं, कानांनी नीट ऐकू आलं नाही, चढले भलत्याच गाडीत. दुपारी कुठल्या तरी गावाला उतरले तेव्हा कळलं. तिथून परत फिरले आणि संध्याकाळी घरी आले. यातलं एक अक्षर त्यांनी मला सांगितलेलं नाही. इस्पितळातून घरी आल्यावर मी त्यांचा कोट धुवायला काढला, खिशात तिकीट होतं. तारीख तीच, गाव उलट्या दिशेचं. पुढचं मला शिंप्याकडून काढून घ्यावं लागलं.

मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. आमच्या घरात ही पद्धतच पडली आहे, आणि तू आमचीच भाची.

शिंपी म्हणतोय दुकान बंद करायचंय. मी लिहिलंय हे त्यांना माहीत नाही.

मामी


११ मार्च

चि. गोगल,

हे मी स्वतः टाइप करतो आहे. अक्षरं चुकली तर समजून घे, कागदावर काय उमटतंय ते मला दिसत नाही.

तुझं पत्र मामीने वाचून दाखवलं, दोनदा. दुसऱ्यांदा मी सांगितलं म्हणून.

माझे डोळे गेले आहेत. दोन वर्षं तुझ्या बाटल्या मामी बघते. हे तुला आधीच सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर बाटल्या बंद झाल्या असत्या आणि मी नुसता एक म्हातारा राहिलो असतो. म्हणून सांगितलं नाही. नोव्हेंबरात मामी इस्पितळात होती.

चौदा तारखेला मी आलो नाही. त्याचं कारण देत नाही.

पंधराला सकाळी मेजाशी बसलो. खोका उघडला. एक बाटली बशीत ओतली, भिंगाखाली घेतली. गुलाबी काहीतरी होतं. कडेला नजर फिरवली तर कडेलाही गुलाबी. तसाच तासभर बसून राहिलो. हात रिकामे ठेवणं शक्य नव्हतं.

मी बारा वर्षांचा आणि तुझी आई नऊ वर्षांची असताना आम्ही ओहोटीला वाळू खणायला जायचो. ती खणायची आणि मी नावं द्यायचो. शिंपल्यांचे तुकडे चिकटवून नळी बांधतो तो गवंडी. हात लावला की मोडतो तो लहानसा तारामासा, त्याला आम्ही रुसकं म्हणायचो. वाळूत पुरून घेणारं फूल होतं, ती नवरी. खरी नावं मी पुढे कॉलेजच्या संग्रहालयात नोकरीला लागल्यावर शिकलो. ती ऐकून तुझी आई म्हणाली होती, "आपलीच बरी होती."

त्या सकाळी मी कागद चढवला आणि पहिल्या बाटलीपुढे गवंडी लिहिला. शास्त्रीय नावाने, एकही अक्षर न चुकता. दुसरीपुढे रुसकं. असं दोन आठवडे रोज थोडं थोडं. आपण काय करतो आहोत हे मला कळत होतं. खोटं लिहितोय, हे अगदी स्वच्छ कळत होतं. पण त्याचं काही वाटत नव्हतं. तू पत्रात लिहिलं आहेस ना, तसंच.

हे समर्थन नाही. चाळीस वर्षं मी पोरांना दटावत आलो की दिसतं ते लिहा, वाटतं ते लिहू नका. फेब्रुवारीत तू बंदी उठणार म्हणून लिहिलंस, तेव्हा तरी बोलायला हवं होतं. त्याऐवजी नोव्हेंबरच्या गाळावर ढकललं.

अहवाल थांबव. कारण स्पष्ट लिही, माझं नाव घालून. माझी लाज राखण्याच्या भानगडीत पडू नकोस. त्या बायका ते शिंपले घरी नेतील.

मामा


२६ मार्च

ती. मामा,

दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली.

मी तुमचं पत्र बाईंच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचलं. म्हणाल्या, "छापून होत आलंय."

"थांबवा."

"मामांचं नाव घालायचं?"

"हो. आणि माझंही. याद्या मी भरल्या."

त्यांनी पत्राची घडी घातली. मग छापखान्याला फोन लावला. मला कामावरून काढलं नाही. पुढचं वर्षभर माझ्या प्रत्येक पानावर दुसऱ्या कुणाची तरी सही लागेल. ठीकच आहे.

त्यानंतर धक्क्यावर गेले. बायका पाट्या विणत बसल्या होत्या, नव्या. मी मुकादमीणबाईंना सांगितलं की बंदी उठणार नाही.

त्या म्हणाल्या, "म्हणजे किडे ओळखायला चुकलात?"

"हो."

"आठ वर्षं तेच करताय ना?"

"हो."

त्यांनी हातातली पाटी पालथी घातली आणि तिच्यावर बसल्या. शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या सुनेला दम निघाला नाही. तुम्ही सांगून गेलात त्यानंतरच्या रविवारी तिने चार ओंजळी शिंपले काढून आणले. घरातली पाच माणसं दोन दिवस आडवी होती. आम्हाला वाटलं, मासळी शिळी असेल."

आता सगळे बरे आहेत. सून सगळ्यांत जास्त आजारी पडली होती, तिला सलाइन लावावं लागलं. हे तुम्हाला कळायला हवं, म्हणून लिहिलं. तो निरोप त्यांना मी दिला होता, हेही लक्षात आहे माझ्या.

ठिकाण सहाचा गाळ परवा नव्याने काढला. सहा बाटल्या सोबत आहेत. नियमाप्रमाणे हा गाळ आता दुसऱ्या प्रयोगशाळेकडे जायला हवा, तिकडे वेगळ्या सहा बाटल्या गेल्या आहेत. या तुमच्याकडे का पाठवतेय ते मला नक्की सांगता येणार नाही.

मामी, इथून पुढचं मोठ्याने वाचू नका.

ती बस सकाळची होती ना? शुक्रवारची? त्या दिवशी सगळे आईला घेऊन दोन वाजताच निघू या म्हणत होते. मी म्हटलं, मामा येतायत. तीन वाजले. साडेतीन वाजले. कुणी तरी म्हणालं, अजून किती थांबायचं. मी चारपर्यंत थांबवलं. दाराशी उभी होते. चारला मी म्हटलं, चला. त्यानंतर आजपर्यंत मी कुणाची वाट पाहिली नाही, कशाचीच. हे रागाने लिहीत नाही. राग आला असता तर बरं होतं. त्यांना सांगू नका.

गोगल


१४ एप्रिल

बाळ,

मी सगळं मोठ्याने वाचलं. वाचता वाचता थांबायचं विसरले. खोटं कशाला बोलू, विसरले नाही. म्हटलं, दोघं दोन टोकांना तोंड मिटून बसलेत, मधे मी किती दिवस भिंत होऊन उभी राहू?

मुकादमीणबाईंच्या घरचं वाचलं तेव्हाच मामांनी हात वर केला होता. मी जरा थांबले. ते म्हणाले, "पुढे." मी पुढे वाचलं. चार वाजल्याचं वाचून झाल्यावर म्हणाले, "चारपर्यंत?"

"हो."

"तीनला मी परतीच्या गाडीत होतो," एवढं म्हणून आत गेले. त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही अर्धंच जेवले. मी कोटातलं तिकीट काढून मेजावर ठेवलं. त्यांनी ते बोटांनी चाचपलं आणि म्हणाले, "हे तुझ्याकडे कधीपासून?" मी म्हटलं, "डिसेंबरपासून." म्हणाले, "कमाल आहे तुझी." मी म्हटलं, "तुमची काय कमी आहे?" मग आम्ही भांडलो. डोळे, बाटल्या, जिना, माझा खुबा, सगळं निघालं. बेचाळीस वर्षांत एवढं भांडलो नव्हतो. शिंपी दाराशी येऊन बघून गेला.

तिसऱ्या दिवशी आपणहून म्हणाले, "बाटल्या काढ."

ठिकाण सहाच्या बाटल्यांना आठ दिवस लागले. यादी सोबत आहे. पाच जाती. तांबडे धागे सगळ्यांत जास्त, एकूण सहाशे बारा. मिश्यावाले चाळीस. बाकी किरकोळ. सहाव्या बाटलीत दोन शिंपले आहेत, नखाएवढे. मामांनी मला प्रत्येक बाटली दोनदा बघायला लावली आणि मी काय पाहिलं ते माझ्याच शब्दांत लिहून ठेवायला सांगितलं, नाव नंतर. एके ठिकाणी त्यांनी नाव सांगितलं, मला पटलं नाही. मी म्हटलं, आकडेवाले केस नाहीत हो याला. तासभर वाद झाला. शेवटी माझंच लिहिलंय. तिकडच्या यादीशी लावून बघ. चुकलं असेल तर सांग, मला वाईट वाटणार नाही. वाटेल, पण सांग.

दुसरं म्हणजे, अकरा मेला आम्ही येतोय. माझा पाय आता काठी घेऊन बरा चालतो. पाटी मी वाचीन. तू स्टँडवर येऊ नकोस, कामावर जा. किल्ली शेजारी ठेव. मामा म्हणतात चार दिवस राहू. मला त्या मुकादमीणबाईंकडे जायचंय असंही म्हणतात. मी म्हटलं, कशाला, त्या पाटी घालतील डोक्यात. म्हणाले, घालू देत.

मामी


२४ मे

ती. मामी आणि मामा,

हे सगळं मोठ्याने वाचा. लपवण्यासारखं आता काही उरलेलं नाही.

आधी कामाचं. तुमच्या सहा बाटल्या मी नंतर तपासणीवाल्यांकडे पाठवल्या, त्यांची यादी तुमच्या यादीशी जुळली. जिथे तुमचं दोघांचं भांडण झालं होतं, तिथे मामी बरोबर आहेत. फेब्रुवारीच्या चोवीस बाटल्याही मी तिकडे पाठवल्या होत्या. तेवीस बरोबर. आमच्या बाईंनी हे कागद तीनदा बघितले. मग विचारलं की या बाई शिकल्या कुठे. मी म्हटलं, स्वयंपाकघराला लागून जी खोली आहे, तिथे. सुधारलेल्या अहवालात ओळख करणाऱ्यांमध्ये मामींचं पूर्ण नाव जाईल, मामांचं चूक कबूल करणाऱ्या निवेदनात. मामांनी तसंच सांगितलं होतं. शिक्षणाच्या रकान्यात काय लिहायचं म्हणून कारकून अडून बसलाय. मी सातवी लिहायला सांगितलंय.

ठिकाण सहावरची बंदी आणखी वर्षभर राहील, कदाचित दोन वर्षं. तळ सावरलेला नाही. दोन शिंपले सापडले, एवढंच.

आता धक्क्यावरचं. मामी, तुमचा पाय दुखत होता म्हणून तुम्ही चहाच्या टपरीवर बसून राहिलात. पुढे काय झालं ते मामांनी तुम्हाला सांगितलं असेल असं वाटत नाही.

मी त्यांना हात धरून नेत होते. बायका दिसल्यावर त्यांनी हात सोडवून घेतला आणि एकटे पुढे गेले. एकीसमोर उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "मुकादमीणबाई, त्या याद्या मी लिहिल्या. मला दिसत नव्हतं तरी लिहिल्या. चूक माझी आहे, पोरीची नाही."

ती बाई म्हणाली, "मी मुकादमीण नव्हे. त्या तिकडे बसल्यात. मी त्यांची सून."

मामा जागचे हलले नाहीत. म्हणाले, "म्हणजे आजारी पडलात त्या तुम्हीच?"

"हो, मीच."

"मग तुम्हालाच सांगायला हवं होतं."

तिने माझ्याकडे बघितलं, मग सासूकडे. मुकादमीणबाई उठून आल्या. मामांचा चेहरा अगदी जवळून बघितला. विचारलं, "बहीण गेली म्हणे तुमची?"

"नोव्हेंबरात."

"पाठची?"

"पाठची."

त्यांनी एक पाटी पालथी घातली आणि मामांना दंड धरून तिच्यावर बसवलं. माफ केलं, असं त्या म्हणाल्या नाहीत. मामांनी मागितलीही नाही. सगळ्या पुन्हा आपल्या मासळीकडे वळल्या. मामा अर्धा तास तिथे बसले. निघताना सुनेने मला सांगितलं, "यांना उन्हात फार हिंडवू नका." मामी, त्या दिवशी मामा परत आल्यावर इतके गप्प का होते, ते हे.

आणि घराचं. तुम्ही चार दिवस आईच्या खोलीत राहिलात. मी रोज कामावरून यायचे तेव्हा दार उघडं असायचं आणि मामा पलंगाच्या कडेला बसलेले असायचे. एकदा मी विचारलं, काय करताय? म्हणाले, "बसलोय." मी पण बसले. मला वाटलं होतं, काहीतरी होईल. झालं नाही.

तुम्ही पंधराला सकाळी गेलात. मी स्टँडवरून परत आले आणि कार्यालयात फोन करून रजा घेतली. आई गेल्यापासूनची पहिली. आईच्या खोलीत गेले. मामींनी चादर बदललेली होती. त्या पलंगावर मी आडवी झाले आणि मला झोप लागली. जाग आली तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते आणि मला भूक लागली होती. सहा महिने मी घड्याळ बघून जेवत होते. समोर येईल ते गिळायचं, झालं. त्या दिवशी पोटात खड्डा पडला होता. मामींनी झाकून ठेवलेलं सगळं संपवलं, भांड्याला लागलेलंही निपटून खाल्लं, उभ्याउभ्याच. मग ओट्याला टेकून उभी राहिले, बराच वेळ.

रडू अजून आलेलं नाही. येईल तेव्हा कळवीन.

तुमची,
गोगल